किनाऱ्यावर डान्सहॉल सेट आणि तीन पाहुणे गायक: माईक, रिदम, वेळ कशी जमवायची?

रापणवाला:
डिसेंबरअखेरीस मालवणजवळ किनाऱ्यावरच्या महोत्सवात ९० मिनिटांचा डान्सहॉल (जमैकाचं नाचाचं संगीत) सेट आहे. डीजे एक, पाहुणे गायक तीन, त्यातला एक मालवणीत गाणार. डीजे मिक्सरला माईकचं इनपुट एकच. साउंडचेकला जेमतेम तास मिळेल. गायक बदलताना सेट पडू नये आणि फीडबॅक (स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून होणारी शिट्टी) येऊ नये म्हणून काय करायचं?

गेन_स्टेज:
माईक डीजे मिक्सरमध्ये घालूच नका. तिथे डीजेने मास्टर खाली घेतला की गायकही खाली जातो, आणि गायक ओरडला की गाण्यासकट सगळंच फाटतं. डीजे मिक्सरची स्टिरिओ लाइन मुख्य मिक्सरच्या दोन चॅनलना द्या. माईक चार घ्या, तीन गायकांचे आणि एक राखीव, प्रत्येक वेगळ्या चॅनलवर. चारही माईकवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, नाहीतर सबचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) धक्का आणि समुद्रावरचा वारा माईकमधून फिरून परत सबमध्ये येतो. फोमची टोपी हवीच.

आता फीडबॅक. डान्सहॉल गाणारे माईकची जाळी मुठीत धरतात, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक मागचा आवाज टाळतो तो जाळीमागच्या फटींमुळे. त्या झाकल्या की तो चारही बाजूंनी ऐकायला लागतो आणि मॉनिटर (गायकाकडे तोंड असलेला स्पीकर) उलटा आत शिरतो. हे गायकांना स्टेजवर नाही, आधी फोनवर सांगा. मॉनिटर माईकच्या पाठीकडे, मुख्य टॉप (प्रेक्षकांकडचे वरचे स्पीकर) गायकांच्या पुढच्या रेषेत. साउंडचेकला गेन (माईकच्या आवाजाची पातळी) हळूहळू चढवा, जी फ्रिक्वेन्सी आधी वाजेल ती अरुंद पट्ट्यात ३ ते ६ डीबी उतरवा. दोन-तीन सापडल्या की थांबा, अजून कापत बसलात तर आवाजच पोकळ होतो.

इको ओळीच्या शेवटच्या शब्दावरच सोडा. ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ ठोके) एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा, पाऊण ठोका ४६९. पाऊण ठोक्याचा इको डान्सहॉलवर फार देखणा बसतो.

सिलेक्टर_कुडाळ:
गायक बदलताना ट्रॅक बदलू नका. या संगीताचा पायाच तो आहे: रिदम (गाण्याखालचा वाद्यांचा ट्रॅक) एक, त्यावर गायक अनेक. १९८५ चा स्लेंग टेंग रिदम कॅसिओ एमटी-४० या कीबोर्डमधल्या तयार तालावर उभा राहिला आणि त्यावर कितीतरी जण गायले. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनच्या टाळ्यांच्या 'दिवाली' रिदमवर शॉन पॉलही आहे आणि वेन वंडरही. (जमैकात डीजे म्हणजे माईकवर बोलणारा, रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर. गायकांशी ठरवताना हे स्पष्ट करा, गोंधळ होतो.)

९० मिनिटांत पाच-सहा रिदम पुरेत, ९२ पासून चढत १०२ बीपीएमपर्यंत. प्रत्येकाची गाण्याविना आवृत्ती गायकांकडे आठवडाभर आधी पोचवा. सुरात गाणाऱ्याला पट्टी विचारा, नुसत्या ठेक्यावर बोलणाऱ्याला तिची अडचण कमी. डीजेने प्रत्येक रिदमला आठ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) लूप तयार ठेवावा. गायक स्टेजवर चढेपर्यंत तोच फिरतो, शांतता पडत नाही.

पुल-अप, म्हणजे गर्दी पेटली की रिदम मागे ओढून पहिल्यापासून लावणं, गायकामागे एकदाच. त्याचा हाताचा इशारा आधी ठरवा, नाहीतर गायक ओळीच्या मध्यात उघडा पडतो.

मालवणी गायकाला शेवटी ठेवा आणि दुसऱ्या गायकासमोर आठ-आठ बारांनी भिडवा. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला ही झुंज समजावून सांगावी लागत नाही.

रापणवाला:
लूपचं फार कामाचं. ९ वाजता सुरू केलं तर चालेल?

दर्यावर्दी:
२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. तुमची तारीख त्यात आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. नसेल तर ८ ला सुरू करा, साडेनऊला संपेल आणि अर्धा तास हाताशी राहील.

सब थेट वाळूवर ठेवू नका, रुततात आणि तिरके होतात. खाली जाड प्लायवूड टाका. अर्थिंगचा रॉड कोरड्या वाळूत काही कामाचा नाही, ओल लागेपर्यंत खाली गेला पाहिजे. त्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा घरट्यांचा पट्टा वन विभागाकडून समजून घ्या, स्टेज तिथून लांब ठेवा आणि लाइटचे झोत समुद्राकडे सोडू नका. अंधार पडला की दव येतं, मिक्सरवर छत आणि वायरलेस माईकमध्ये नव्या बॅटऱ्या.