'प्रॉम्प्ट'ला मराठीत काय म्हणावं: आज्ञा, कौल की गाऱ्हाणं?

प्रश्न

देवगडच्या एका आंबा बागायतदारांसाठी मी मजकूर लिहिते. यंदा पेटीसोबत ठेवायला आणि ग्राहकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला काही इन्फोग्राफिक, म्हणजे माहिती सांगणारी चित्रं, करायची आहेत. विषय सुचावेत म्हणून एआयची मदत घेत होते, तेव्हा बागायतदार काकांनी विचारलं, "प्रॉम्प्ट म्हणजे काय गं?" एआयला आपण लिहून देतो ती 'आज्ञा', असं मी पटकन म्हणून गेले. मग त्यांनी स्वतः लिहिलं, 'हापूसवर दहा चित्रं सुचव.' आंब्याचे आरोग्याला फायदे, आंब्याच्या जाती, आंब्याच्या पाककृती अशी यादी आली. कोणत्याही गावच्या कोणत्याही दुकानाला चालेल अशी.

मला वाटतं, यात माझ्या शब्दाचाही दोष आहे. आज्ञा म्हटलं की माणूस एका ओळीत आटपतो. प्रॉम्प्ट, इन्फोग्राफिक आणि ब्रेनस्टॉर्मिंग या तिन्हींना तुम्ही बोलताना काय म्हणता?

प्रतिसाद १

मी हौशी नाटकांत बरीच वर्षं विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणून हा शब्द मला जवळचा. तिथे संहिता प्रॉम्प्टरच्या हातात असते आणि अडलेल्या नटाला तो पुढचा शब्द पुरवतो. जुन्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेलाही प्रॉम्प्टच म्हणत. तिथे यंत्र माणसाला खुणावायचं, 'मी तयार आहे, बोल.' आता दिशा उलटली आहे. माणूस यंत्राला प्रॉम्प्ट देतो, आणि संहिता कुणाच्याच हातात नसते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर काढलेला, हाताशी असलेला' असा आहे, 'प्रॉम्प्ट पेमेंट'मधला तत्परतेचा अर्थ तिथूनच आला. हुकमाचा अर्थ यात मुळात नाही, तेव्हा 'आज्ञा' मलाही खटकतं.

प्रतिसाद २

'सूचना' चालेल का? सुचवणं आणि बजावणं, दोन्ही त्यात येतं.

प्रतिसाद ३

दोन्ही येतं हीच अडचण आहे. 'सूचना' म्हटलं की नोटीस बोर्ड डोळ्यांपुढे येतो.

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे देवाला विचारायच्या दोन रीती आहेत. एक कौल. मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. उत्तर हो किंवा नाही. दुसरं गाऱ्हाणं. देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, पण आमच्याकडे ते देवापुढे घातलेलं सविस्तर मागणं असतं. कोण आलाय, कुठून आलाय, घरात काय घडलंय, काय हवंय, कशापासून राखायचं, हे सगळं 'बा देवा महाराजा' म्हणत ओळीने सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला 'होय महाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारा माणूस काही गाळत नाही, कारण गाळलेलं देवापर्यंत पोचत नाही अशी त्याची श्रद्धा असते.

यंत्र देव नव्हे, हे मी मनापासून सांगतो. पण बांधणी बघा. काकांनी कौल लावला. त्यांनी गाऱ्हाणं घालायला हवं होतं, आणि देवगडच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. लिखाणात 'प्रॉम्प्ट'च राहू द्या, तो आता रुळलाय. समजावताना मात्र 'गाऱ्हाणं' म्हणून बघा.

प्रतिसाद ४

इन्फोग्राफिकला मी 'माहितीचित्र' म्हणते. खरं तर 'माहितीपट' जास्त शोभला असता, पण तो डॉक्युमेंटरीने आधीच घेतला. 'पट' या शब्दाची मला हळहळ वाटते, कारण आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरेने तो ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. सापशिडीचाच खेळ, पण शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. एका कापडावर अख्खं नीतिशास्त्र मांडलेलं, आणि खेळता खेळता ते मनात उतरायचं.

'तक्ता' आणि 'आलेख' हे शब्द वेगळे ठेवावेत. माहितीचित्राला सांगायची एक गोष्ट लागते. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९मध्ये नेपोलियनच्या १८१२च्या रशिया स्वारीचा नकाशा काढला. जाताना ४,२२,००० सैनिकांचा जाड पट्टा, परतताना १०,००० जणांची बारीक रेघ, खाली उतरत जाणारं तापमान. पट्टा बारीक होत जातो, तेवढं बघितलं की कळतं. 'आंब्याचे फायदे' मध्ये अशी गोष्टच नाही, म्हणून ते चित्र कुणी थांबून बघत नाही.

प्रतिसाद ५

ब्रेनस्टॉर्मिंगला 'विचारमंथन' रूढ आहे आणि तो मला फार योग्य वाटतो. ही पद्धत रुजवली अॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने, म्हणजे शब्द तुमच्याच धंद्यातून आलाय. त्याचा आग्रह होता की आधी ढीगभर कल्पना येऊ द्या, निवाडा नंतर. मंथनातही पहिल्यांदा हलाहल निघालं, रत्नं मागाहून. आणि दोरी दोन्ही बाजूंनी ओढावी लागते. एआयने दिलेली पहिली यादी तशीच उचलली तर एकच बाजू ओढतेय. 'यातलं कुठल्याही दुकानाला चालेल ते काढून टाक' असं म्हणून दोरी आपल्याकडे ओढायची.

मूळ प्रश्नकर्तीकडून

काकांना 'गाऱ्हाणं' सांगितलं आणि ते लगेच सावरून बसले. त्यांनी सांगत जावं, मी टाइप करावं, असं ठरलं. आमचं गाऱ्हाणं असं झालं:

'आम्ही देवगडचे बागायतदार. पेट्या मुंबई-पुण्याला घरोघरी जातात. फळ हिरवट असतानाच पोचतं आणि ग्राहक फोन करतो की कच्चा माल पाठवला. त्याला गवतात ठेवणं, रोज पालटून बघणं, वासावरून ओळखणं माहीत नाही. बघणारा मोबाइलवर बघणार, अर्धा मिनिट. शब्द थोडे. औषधी गुण सांगू नकोस. आकडा स्वतःच्या मनाने घालू नकोस, जागा रिकामी ठेव, आम्ही भरू. आठ कल्पना दे आणि प्रत्येकीत ग्राहकाचा कोणता प्रश्न सुटतो ते सांग.'

आठातल्या पाच टाकल्या. तीन ठेवल्या. पेटी उघडल्यापासून पिकेपर्यंत फळाचा रंग, वास आणि हाताला लागणारा मऊपणा रोज कसा बदलतो याची पट्टी. २०१८मध्ये हापूससाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा नकाशा. आणि तिसरी, बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळात आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा भाग, कसा निघतो ते दाखवणारं कापलेलं फळ. काका म्हणाले, "हे दाखवूया. लपवून काय करायचं?" पट्टीतले दिवस त्यांनी स्वतःच्या वहीवरून भरले. चित्रातली अक्षरं मात्र आम्ही वेगळी बसवतोय, कारण एआयने काढलेल्या चित्रांत जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात.

आता 'साका'वर अडलोय. कोकणात सगळ्यांना कळतो. पुण्या-मुंबईत, नागपुरात तुम्ही आंब्यातल्या त्या पांढरट, स्पंजासारख्या भागाला काय म्हणता?