कपडा हुंगवणं दर वेळी लागत नाही
हरवलेल्या माणसाचा कपडा हुंगायला दिल्याशिवाय कुत्रा शोधणार कसा, ही शंका माग काढणाऱ्या कुत्र्यांपुरती बरोबर आहे. पण ढिगाऱ्याखाली कोण अडकलंय हेच ठाऊक नसतं, मग कपडा आणायचा कुणाचा? तिथली कुत्री कुणा एकाचा नव्हे, कुठल्याही जिवंत माणसाचा हवेतला वास शोधतात आणि सापडला की भुंकतात. फेब्रुवारी २०२३च्या तुर्कस्तानच्या भूकंपात गाझियान्तेप प्रांतातल्या नूरदागीला एनडीआरएफची (भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) कुत्री ज्युली अशीच भुंकली. खात्रीसाठी रोमिओला सोडलं, तोही भुंकला, आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. (दोघं लॅब्रॅडॉर. नावं देणारा रसिक असावा!)

दुसऱ्या कुत्र्याची साक्ष काढतात, कारण वास फटींतून वाट काढत वर येतो. माणूस एकीकडे आणि वास भलतीकडेच, असंही होतं. कुत्र्याच्या लेखी मात्र हा सगळा लपंडावच: माणूस सापडला की चेंडू मिळणार. बराच वेळ कुणीच जिवंत सापडलं नाही तर ती हिरमुसतात. मग पथकातलाच एखादा जण मुद्दाम लपून बसतो, आणि कुत्र्याला त्याला ‘शोधू’ देतात.