पणजोबांच्या वहीतला जुगाराचा पंचनामा

प्रश्न (खानापूर)
माझे पणजोबा १९३० च्या सुमारास बेळगाव जिल्ह्यात फौजदार होते. त्यांच्या वहीत जुगाराच्या एका छाप्याचा मोडी पंचनामा सापडला असून, त्यात ‘घोंगडी एक, पत्त्यांचा जोड एक, पैकी एक पान कमी, नाल रोख साडेतीन रुपये, कंदील एक, काच तडकलेली’ अशा बारीक नोंदी आहेत. मात्र पकडलेली माणसे काय बोलली, याचा एक शब्दही नाही. पणजोबांना शिकायला नाशिकला पाठवले होते, एवढेच घरात सांगतात. बेळगावचा माणूस नाशिकला कसा गेला आणि कबुली का लिहिली गेली नाही?

उत्तर (निपाणी)
१९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबईकडे होता, त्यामुळे नाशिकच. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलीस दलाला अकार्यक्षम, अपुरे शिकलेले, लाचखाऊ आणि जुलमी ठरवले. त्यानंतर १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलिसांची शाळा निघाली व १९०९ साली ती नाशिकला गेली.

उत्तर (बेळगाव)
कबुली लिहून उपयोगच नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमानुसार पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नसे, आणि २६ व्या कलमानुसार कोठडीत दिलेला जबाब दंडाधिकाऱ्यासमोर दिला असेल तरच चाले. मारहाण करून जबाब घेतले जातात हे सरकारला पुरते ठाऊक होते. म्हणजे ज्या शिपायाच्या हाती काठी दिली, त्याच्या कानावर मात्र विश्वास ठेवला नाही! उलट १८८७ च्या मुंबई जुगार कायद्यात, रीतसर वॉरंट घेऊन घातलेल्या छाप्यात जुगाराची साधने सापडली की ती जागा जुगाराचा अड्डाच आहे असे गृहीत धरले जाई आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडे. म्हणून घोंगडी, पत्ते आणि विशेषतः नाल, म्हणजे अड्डेवाल्याचा हिस्सा, इतक्या काळजीने नोंदवला आहे.

उत्तर (शहापूर)
यात नीतीची चाड किती होती, याविषयी मला शंका आहे. दारूचेच पाहा: १८७८ च्या अबकारी कायद्याने परवाना घेऊन कर भरलेली दारू उजळ माथ्याने विकली जाई, आणि गुन्हा ठरे तो घरच्या भट्टीचा. छावण्यांतल्या वेश्यांची सक्तीची वैद्यकीय तपासणी हीदेखील गोऱ्या शिपायांची प्रकृती जपण्यासाठीच होती. शिवाय आमचे शहापूर तेव्हा सांगली संस्थानात असल्याने मुंबईचा कायदा बेळगावच्या वेशीपाशीच थांबे. पंचनाम्यात जागेची चतुःसीमा दिली आहे का, ते पाहावे.

प्रश्नकर्ता
आपल्या सांगण्यावरून पुढचे पान पुन्हा वाचले. ‘दक्षिणेस पाणंद, त्यापलीकडे सांगली सरकारची हद्द’ असे लिहिले असून, खाली ‘दोन इसम पाणंद ओलांडून गेले’ अशी नोंद आहे.