सही करायच्या आधी वकील गाठा
वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत सीपीएसवाले (मुलांच्या सुरक्षेची चौकशी करणारं सरकारी खातं) आले की देतील त्या कागदावर सही करून मोकळं व्हा, प्लीज असं करू नका! कोर्ट ऑर्डर नसेल आणि मुलाला तातडीचा धोका नसेल तर त्यांना घरात घ्यायलाच हवं असं नाही, दारातच शांतपणे बोला, वकिलाशी बोलून सांगतो म्हणा. सेफ्टी प्लॅन (मुलाच्या सुरक्षेसाठीचा लेखी करार) म्हणून जो कागद पुढे करतात त्यात मूल नातेवाईकांकडे ठेवायचं कबूल केलेलं असू शकतं, नीट वाचा. आणि मूल फॉस्टर केअरमध्ये (सरकारी ताब्यात, तात्पुरत्या दुसऱ्या घरी) गेलंच तर कोर्टाची एकही तारीख चुकवू नका कारण १९९७ च्या कायद्यानुसार मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल तिथे राहिलं की काही अपवाद सोडता पालकत्व रद्द करायचा अर्ज राज्याला करावाच लागतो. पैसे नसतील तर पहिल्याच तारखेला वकील मागा, बऱ्याच राज्यांत कोर्ट देतं.