वॅगन-आर २०१० : आरसीवर एफ१०डी, दुकानदाराने दिलं के१०चं गॅस्केट

मलप्रभाकाठ, खानापूर
नमस्कार मंडळी. माझी वॅगन-आर २०१० ची, कोल्हापूरहून सेकंडहँड घेतलेली, एमएच ०९ पासिंग. रविवारी गोव्याहून येताना चोर्ला घाटात गरम झाली. काटा वर गेलेला दिसत असूनही कणकुंबीपर्यंत तशीच रेटली, तिथं चुकलंच. मिस्त्रींनी हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोललं, गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधली सील करणारी पातळ चकती) जळालंय म्हणाले, आणि मला बेळगावला पिटाळलं. दुकानात मी "वॅगन-आर, २०१० मॉडेल" एवढंच सांगितलं. घरी येऊन पाकीट फोडलं तर गॅस्केटला तीन मोठी भोकं, आणि समोर ब्लॉकमध्ये चार सिलेंडर! फोडलेलं पाकीट आता दुकानदार परत घेत नाही. आरसीवर इंजिन नंबर 'एफ१०डीएन' असा सुरू होतो. त्यातून नेमकं काय समजायचं? आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून घाई आहे.

सांबरा रोड
२०१० मध्येच मॉडेल बदललं की. त्या वर्षी जुनी वॅगन-आर पण विकली गेली आणि नवी पण. नुसत्या सालावर पार्ट घ्यायचाच नाही.

उद्यमबाग लेथ
वीस वर्षं हेड आणि ब्लॉकचंच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुझुकीचा कोड तीन तुकड्यांत वाचा. 'एफ' म्हणजे इंजिनाचं घराणं. '१०' म्हणजे साधारण १००० सीसी. 'डी' म्हणजे त्या घराण्यातला प्रकार. नव्या गाडीत के१०बी आलं. आकडा दोन्हीकडे १०च, म्हणून घोळ होतो; पण घराणंच वेगळं. तुमचं एफ१०डी १०६१ सीसीचं, चार सिलेंडर, टायमिंग बेल्टवाला. के१०बी ९९८ सीसीचं, तीन सिलेंडर, टायमिंग चेनवाला.

आता गंमत बघा. १०६१ ला ४ ने भागा, २६५ येतात. जुन्या अल्टोचं एफ८डी ७९६ सीसीचं, त्याला ३ ने भागा, पुन्हा २६५च! दोन्हीचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ७२. म्हणजे एकाच मापाचे सिलेंडर, अल्टोत तीन, तुमच्यात चार. घराणं एक असणं म्हणजे काय, ते इथं कळतं. के१०बीचा बोअर ७३, स्ट्रोक ७९.५. त्याचं गॅस्केट तुमच्या ब्लॉकवर बसणं शक्यच नव्हतं.

शेवटच्या अक्षराकडेही दुर्लक्ष करू नका. जुन्या जिप्सीचं एफ१०ए पण चार सिलेंडरचंच, पण ९७० सीसी, बोअर लहान. दुकानात नुसतं "एफ टेन" म्हणालात तर पुन्हा चुकीचं हातात पडेल. आरसीची झेरॉक्स काउंटरवर ठेवा आणि "एफ टेन डी" असं स्पष्ट सांगा. त्याआधी रॉकेलच्या फडक्याने ब्लॉक पुसून खोदलेला नंबर आरसीशी ताडून घ्या. सेकंडहँड गाडीत मधेच कुणी इंजिन बदललेलं असतं, आणि तशी आरटीओत नोंद नसेल तर ती भानगड वेगळीच.

आणि एक विनंती. गॅस्केट मिळालं म्हणून लगेच हेड चढवू देऊ नका. गरम गाडी रेटलीत, ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी लावून बघायला सांगा. पट्टीखाली ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सैल शिरलं तर हेड सरफेसला, म्हणजे घासून सपाट करायला द्यायचं. नाहीतर नवं गॅस्केट पण पुढच्या घाटात जळेल.

बेळगाव-पणजी ट्रिप
इन्होव्हाचं पण असंच का? आरसीवर २केडी आहे. तो २ म्हणजे २००० सीसी? इंजिन तर अडीच लिटरचं आहे. आणि स्कॅनरवर पी०३०१ वगैरे येतं ते काय?

उद्यमबाग लेथ
नाही दादा, टोयोटाची पद्धत वेगळी. पूर्ण कोड २केडी-एफटीव्ही. पुढचा २ हा केडी घराण्यातला क्रमांक, सीसीशी त्याचा संबंध नाही. टी म्हणजे टर्बो, व्ही म्हणजे कॉमन रेल डिझेल. २४९४ सीसी. स्कॅनरवर येतो तो बिघाडाचा कोड. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरात मिसफायर, इंधन नीट पेटत नाही.

मलप्रभाकाठ, खानापूर
काका, फार उपकार झाले. ब्लॉक पुसला, नंबर आरसीशी जुळला. मिस्त्रींकडे सरळ पट्टी नव्हती, म्हणून हेड पोत्यात गुंडाळून सकाळच्या बसने उद्यमबागेत आणलं. मधल्या दोन सिलेंडरांमध्ये गेज सहज शिरलं. सरफेसला दिलंय, उद्या संध्याकाळी मिळेल. गॅस्केट या वेळी दुसऱ्या दुकानातून घेतलं, आणि पैसे द्यायच्या आधी पाकिटावरचं 'एफ१०डी' वाचून घेतलं.