मदत हवी आहे: सोलमध्ये एका दिवसात के-पॉपची ठिकाणं कशी दाखवू?

मांगपोकर
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. भाची माझ्याकडे येतेय. तिला के-पॉपचं प्रचंड वेड आहे आणि माझ्या हातात एकच दिवस आहे. कंपन्यांच्या इमारती, दुकानं, चाहते जिथे जिथे जातात त्या जागा, हे सगळं कसं बसवायचं? नेटवर दहा याद्या सापडल्या, त्यातल्या निम्म्या जागा बंद. हाइब या के-पॉप कंपनीचं म्युझियम पक्कं केलं होतं, तर ते २०२३ च्या जानेवारीतच बंद झालंय! कृपया सरळ क्रम सांगा. आधी हे, मग ते.

प्रवासी_पक्षी
ताई, ग्रुप कुठला ते लिहा आधी. हाइब योंगसानला, एसएम सोंगसूला, वायजी हाप्जंगला आणि जेवायपी पार पूर्वेला सोंगनेदोंगला. चार कंपन्या चार दिशांना. सगळं एका दिवसात करायला गेलात तर तिला मेट्रोचे डबेच दिसतील. तारीख कुठली? राहता कुठे?

आर्मी_डोंबिवली
ग्रुप काय विचारताय, बीटीएसच असणार! नोन्ह्यन भागात युजोंग नावाची छोटी खानावळ आहे. पोरं नवशिकी होती तेव्हा रोज तिथे जेवायची. भिंतींवर छतापर्यंत त्यांचे फोटो. जवळच त्यांच्या जुन्या राहत्या जागेत ह्युगा कॅफे आहे. आणि जुमुन्जिनचा समुद्रकाठचा बस स्टॉप चुकवू नका! अल्बमसाठी तिथे फोटो काढले होते. मी २०१९ ला गेले होते, पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि बाकावर बसल्यावर रडू आलं.

प्रवासी_पक्षी
जुमुन्जिन पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंगच्याही पुढे आहे हो. सोलहून रेल्वेने गांगनुंगलाच दोन तास, मग बस. एका दिवसाच्या बेतात कुठे बसवणार?

आर्मी_डोंबिवली
पहाटे निघालं तर बसतं. मी केलंय.

दुपारचा_चहा
मी सोलमध्ये सात वर्षं काढली. माझं स्पष्ट मत, मुलीला ग्यंगबोकगुंग राजवाडा दाखवा. हानबोक, म्हणजे इथला पारंपरिक पोशाख, भाड्याने घेऊन घातला की प्रवेश फुकट. मंगळवारी राजवाडा बंद असतो, तेवढं लक्षात ठेवा. गाणी घरी बसूनही ऐकता येतात. राजवाडा पाहिल्याशिवाय परत पाठवू नका.

मांगपोकर
काका, राजवाडा शनिवारी ठरलाय, तिचे मावसाजी नेणार आहेत. मला फक्त के-पॉपचं सांगा.
बहिणीला विचारलं, ग्रुप स्ट्रे किड्स. भाचीला थेट विचारता येत नाही, कारण हे सगळं तिच्यासाठी गुपित आहे. तिला वाटतंय मावशीकडे गणपतीला चाललोय. मी सोलच्या दक्षिणेला, सुवॉनमधल्या मांगपोला राहते, सॅमसंगच्या मागच्या बाजूला. दिवस रविवार.

स्टे_पुणे३८
स्ट्रे किड्स!!! ताई, कुठला रविवार? तारीख सांगा, प्लीज तारीख सांगा.

मांगपोकर
१३ सप्टेंबर. सोमवारी गणपती बसतात.

स्टे_पुणे३८
ताई, ग्रुपमधल्या हानचा वाढदिवस १४ सप्टेंबर आणि फेलिक्सचा १५ सप्टेंबर! तुम्ही वर्षातला सर्वात चांगला आठवडा धरलाय. इमारती राहू देत बाजूला, वाढदिवसाचे कॅफे बघा. कोरियनमध्ये सेंगिल काफे, बोलताना नुसतं सेंगका. चाहते मिळून दोन-चार दिवसांसाठी एखादा कॅफे घेतात आणि आख्खा सजवतात: फुगे, लहानपणापासूनचे फोटो, भिंतीवर चिठ्ठ्या. तुम्ही एक पेय घ्यायचं, त्याबरोबर कपाभोवती घालायचा फोटोचा पुठ्ठा मिळतो, बहुतेक ठिकाणी एखादं फोटोकार्डही, म्हणजे त्या कलाकाराचा खिशात मावेल एवढा छापील फोटो. वेगळं तिकीट नसतं. गर्दी जास्त करून होंगदे आणि हाप्जंगच्या गल्ल्यांत. वाढदिवस आठवड्याच्या मध्ये असला की आधीच्या शनिवार-रविवारपासूनच सुरू होतात. पत्ते दोन-तीन आठवडे आधी एक्सवर येतात. कोरियन लिपीत कलाकाराचं नाव आणि पुढे सेंगिल काफे असं लिहून शोधा.
तिचा बायस कोण? म्हणजे आठ जणांतला तिचा सर्वात लाडका?

मांगपोकर
आठ जण आहेत? ते मला कसं कळणार? आणि मला कोरियन वाचता येत नाही. अडीच वर्षं इथे राहून दुकानाच्या पाट्या लागत नाहीत. ही पोरगी मात्र नाशिकला बसून स्वतःची स्वतः वाचायला शिकलीय.

इन्किगायो_फॅन
रविवार आहे ना? मग दुपारी एसबीएस वाहिनीचा इन्किगायो हा गाण्यांचा कार्यक्रम असतो. तुंगछॉनदोंगला त्यांचा हॉल आहे. थेट तिथेच न्या, प्रत्यक्ष कलाकार दिसतील. कॅफेत कागदी फोटो बघून काय मिळणार?

स्टे_पुणे३८
असं उगाच सांगू नका. आत जायला फॅनक्लबचं सभासदत्व लागतं, त्यातूनही नाव यावं लागतं. शिवाय त्या रविवारी स्ट्रे किड्स असतील याची खात्री काय? मुलीला चार तास फुटपाथवर उभं करायचं आणि दुसऱ्याच कुणाची गाडी बघून परत यायचं?

इन्किगायो_फॅन
मला बाहेर उभं राहूनच एक अख्खा ग्रुप दिसला होता. गाडीची काच खाली करून हात केला त्यांनी. ते विसरणं शक्य नाही.

हान_नदीकाठी
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, पण ताईंकडे एकच दिवस आहे. नशिबावर सोडू नका.
एक विनंती मात्र सर्वांनाच. कलाकार सध्या राहतात त्या इमारतींचे पत्ते काही याद्यांमध्ये दिलेले असतात, तिथे जाऊ नका. ते त्यांचं घर आहे. इथे घरापर्यंत पाठलाग करणाऱ्यांना सासेंग म्हणतात आणि खरे चाहते त्यांना जवळ करत नाहीत. ऑफिसच्या बाहेरून फोटो काढा, आत सोडत नाहीत, तेवढं पुरे.

प्रवासी_पक्षी
रस्ता सांगतो. स्ट्रे किड्सची कंपनी जेवायपी, तिचं ऑफिस २०१८ पासून सोंगनेदोंगला आहे, स्टेशन दुन्छॉनदोंग, ५ नंबर लाईन. मांगपोहून सुइन-बुंदांग लाईनने वांगशिम्नी, तिथे ५ नंबर. लक्षात ठेवा, कांगदोंगला लाईन फुटते. माछॉनच्या गाडीतच बसा, नाहीतर हानामला पोचाल.

हान_नदीकाठी
वांगशिम्नीपर्यंत वर जाऊन पुन्हा खाली कशाला यायचं? सुसोला उतरायचं, ३ नंबरने तीन स्टेशनं ओगुम, तिथून ५ नंबरने उलट तीन स्टेशनं दुन्छॉनदोंग. फाटा लागतच नाही, गाडी चुकायचा प्रश्न नाही.

प्रवासी_पक्षी
पण वांगशिम्नीमार्गे वाटेत अपगुजंग रोदेओ लागतं. २ नंबरच्या दारातून बाहेर पडलं की के-स्टार रोड, ग्रुपांच्या नावाचे अस्वलांचे पुतळे रांगेने उभे. मुलांना आवडतात ते.

हान_नदीकाठी
अस्वलं परतताना बघता येतील. सकाळी पाय ताजे असताना लांबचं करून घ्यावं. ओगुमहून येताना दुन्छॉनदोंगच्या अलीकडचंच स्टेशन ऑलिंपिक पार्क. तिथला केएसपीओ डोम म्हणजे १९८८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं जिम्नॅस्टिक्सचं स्टेडियम. २०२४ मध्ये स्ट्रे किड्सनी तिथे कार्यक्रम केले. ऑफिस बघून एक स्टेशन मागे या, डोम बाहेरून बघा, हिरवळीवर डबा खा. मग तिथूनच ९ नंबरची एक्स्प्रेस धरून तांगसान, आणि २ नंबरने एकच स्टेशन हाप्जंग. त्या एका स्टेशनात गाडी पुलावरून हान नदी ओलांडते. तिला खिडकीशी उभं करा.

मांगपोकर
हान_नदीकाठी, हे असं हवं होतं! पण सासूबाईही बरोबर आहेत, गुडघे दुखतात त्यांचे. चालेल ना?

स्टे_पुणे३८
ताई, हे आधी सांगायचं ना. हे कॅफे खूपदा दुसऱ्या मजल्यावर नाहीतर तळघरात असतात. अरुंद जिना, लिफ्ट नाही आणि दारात रांग. आजींना त्रास होईल.

दुपारचा_चहा
म्हणूनच म्हटलं, राजवाडा. सगळं सपाट आहे.

आर्मी_डोंबिवली
आणि जेवायचं काय? शाकाहारी आहात का? मग बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) मागवताना "गोगि प्पेगो जुसेयो" म्हणायचं, म्हणजे मांस न घालता द्या. अंडं नको असेल तर "केरान-दो प्पेगो". किमची बघून खा, बहुतेक किमचीत माशाचं पाणी असतं.

कोकणकडा
विषय थोडा वेगळा आहे, पण सोमवारी गणपती आहेत तर विचारतो. मोदकाची पिठी कुठली वापरता? मागच्या वर्षी आम्ही इथल्या मार्टातून तांदळाचं पीठ आणलं, उकड काढली आणि ती हाताला डिंकासारखी चिकटली. एकही पारी झाली नाही. नैवेद्याला शेवटी शिरा.

हान_नदीकाठी
तुम्ही छाप्सल आणलंत, तो चिकट तांदूळ. पाकिटावर मेप्सल लिहिलेलं बघा, तो आपल्या साध्या तांदळासारखा. तरी उकडीला खात्रीची पिठी इतवॉनच्या भारतीय दुकानांतच. खवलेलं नारळही तिथे गोठवलेलं मिळतं.

कोकणकडा
मेप्सल. लिहून घेतलं. मनापासून आभार.

मांगपोकर
मोदकाचं मीही लिहून घेतलं.
सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, तुम्ही दोघी जा, मी घरी नारळ-गुळाचं सारण करून ठेवते. तो प्रश्न सुटला.
बायसचं बहिणीकडून काढायचा प्रयत्न केला. तिलाही नाव माहीत नाही. एवढंच म्हणाली की पोरीच्या सॅकला एक पिवळं कोंबडीचं पिल्लू लटकतं आणि ते धुवायलासुद्धा कुणाला काढू देत नाही. याचा काही उपयोग होतो का?

स्टे_पुणे३८
होतो काय, उत्तरच मिळालं! ते ब्बोकारी. आठही जणांचा एकेक प्राणी ठरलेला आहे, पिवळं पिल्लू फेलिक्सचं. फेलिक्सचेच कॅफे शोधा. दोन किंवा तीन पुरे, उगाच सात-आठ करू नका. पहिला सकाळी उघडायच्या आधी गाठायचा, कारण सुरुवातीच्या लोकांना जास्त वस्तू मिळतात.

हान_नदीकाठी
मग क्रम उलटा करा. आधी तांगसानमार्गे हाप्जंग, जेवायपी आणि डोम दुपारनंतर. परतताना ओगुम-सुसो, घर जवळ पडेल. अस्वलं सोडून द्या.

प्रवासी_पक्षी
अस्वलं सोडायला माझी हरकत आहे, पण ठीक. चालत जायला नेव्हर मॅप हे इथलं नकाशाचं अ‍ॅप घ्या. गूगलवर इथे पायी रस्ता नीट दाखवत नाहीत, गल्लीत हमखास चुकाल.

स्टे_पुणे३८
आणखी दोन गोष्टी. फोटोकार्डासाठी कडक प्लॅस्टिकचं पाकीट बरोबर असू द्या, खिशात घातलं की कोपरे दुमडतात आणि मग फार वाईट वाटतं. आणि होंगदेत अल्बम घेतलात तर तिचा पासपोर्ट हवा. बऱ्याच दुकानांत १५,००० वॉनच्या वर खरेदी झाली की पर्यटकाला कर तिथेच वजा करून मिळतो. तुम्ही इथे राहता म्हणून तुम्हाला मिळणार नाही. पैसे तिच्या हातून द्या.

मांगपोकर
१३ तारीख, रात्रीचे साडेअकरा. पाय सुजलेत, पण आज लिहायलाच हवं.
तिला सांगितलं होतं की गणपतीच्या सामानाला चाललोय. हाप्जंगला ८ मिनिटं चाललो. कॅफेच्या काचेवर त्याचा फोटो दिसला तशी ती थांबली आणि माझा दंड धरला. बोलेचना. आत गेल्यावर काउंटरच्या मुलीशी तिने कोरियनमध्ये बोलायला सुरुवात केली, मी नुसती मागे उभी. कपाचे दोन्ही पुठ्ठे तिने कॉफी न सांडता अलगद काढले, टिश्यूने पुसले आणि वहीत ठेवले. शेजारच्या टेबलावर जपानहून आलेल्या दोघी होत्या, त्यांच्याशी कार्डांची अदलाबदल झाली. तिने भिंतीवरच्या चिठ्ठ्या मला वाचून दाखवल्या, अर्थासकट. तिथे तिने एक मराठीत लिहून लावली. काय लिहिलं ते सांगितलं नाही. मीही वाचली नाही.
दुसरा कॅफे तळघरात होता, पंचवीस मिनिटं रांग. तिसरा सोडला. जेवायपीच्या इमारतीसमोर चारच मिनिटं थांबलो, फोटो काढला. डोमला मात्र पूर्ण फेरी मारली. परतताना ओगुमला गाडीत तिला झोप लागली, ब्बोकारी मुठीत.
सर्वांचे आभार. स्टे_पुणे३८, तुमचे विशेष.

स्टे_पुणे३८
वाचून डोळे भरले. पुठ्ठ्यांचा फोटो टाका ना.

इन्किगायो_फॅन
छान झालं ताई. पुढच्या वेळी इन्किगायो नक्की.

कोकणकडा
मेप्सलची उकड आत्ताच काढून बघितली. पारी होतेय! पण कळ्या पाडताना कडेला चिरते. पाणी कमी पडतंय की मळायला कमी पडतोय?

मांगपोकर
मळायला. सासूबाई म्हणतात, गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा, आणि उरलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा.