पालथा फोन पुरेसा नाही

कामात लक्ष लागावं म्हणून फोन सायलेंट करून पालथा ठेवला की झालं, असं कोणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. टेक्सास विद्यापीठाच्या २०१७ सालच्या प्रयोगात गप्प केलेला फोन समोर टेबलावर असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्या. (नंतरच्या काही प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही, तेही खरं.)

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, हे आपोआप होतं. आरतीला वाजवतात त्या घुमटाला (मडक्यासारखं मातीचं वाद्य) दोन्ही हात लागतात, एक चामड्यावर, दुसरा मागच्या तोंडावर. त्यामुळे आरत्या संपेपर्यंत पोरांचे फोन आतल्या खोलीत तांदळाच्या डब्यावर पडलेले. व्हिडिओ काढणारा एखादा भाचा निघतोच म्हणा. त्याच्या हातात सरळ कासाळे (मोठ्या झांजा) द्यायचे.